भोंगोबाची आई कोण?

मी अरविंद मोकाशी, वाणिज्य पदवीधर, वय पंचावन्न. आज सकाळी घडलेला प्रकार या व्हॉट्सॲप गटासमोर मांडून आपले मत मागत आहे.

१९८० साली मोरिवलीच्या माळावर ताईने व मी खेळता खेळता दोन दगडांना शेंदूर फासून देव बनवले: कारखान्याच्या भोंग्याचा भोंगोबा आणि धुराड्याची चिमणाई. ती त्याची बहीण की बायको, यावर आम्ही कडाडून भांडत असू.

आज तिथे पत्र्याचे देऊळ पाहून मी हादरलो. एक आजी चिमणाईची ओटी भरत होत्या.

"ही भोंगोबाची बहीण ना?" मी विचारले.

"बहीण? आवो, आय हाय ती त्याची! सुनेला बाळंतपणाला नेलंय. हीच सोडवंल."

मी बाजूला जाऊन ताईला फोन केला. "खरे सांगू का त्यांना?"

"गप बस! आधी नमस्कार कर."

मी चपला काढून हात जोडले. बाळ सुखरूप आल्यावर तरी आजींना सांगावे का?

अरविंद मोकाशी
अंबरनाथ पूर्व, आज दुपारी