सोडाबाई आणि ओलं पोतं

आमच्या विज्ञानाच्या बाई कमरेला चंची लावून वर्गात यायच्या. नवख्या पालकांना वाटायचं, तंबाखू. आत असायचा खाण्याचा सोडा. म्हणून त्या सोडाबाई. तळ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती त्या पाण्याच्या काचपात्रात बुडवून ठेवायच्या, चिमूटभर सोडा टाकायच्या आणि देठातून येणारे बुडबुडे आम्हाला मोजायला लावायच्या. "सोड्यातून हिला कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यावर ही अन्न करते, ऑक्सिजन सोडते."

याहून जास्त सांगणं नाही. काहीही विचारा, अक्कलकोटकडच्या बाई अर्ध्या कानडीत म्हणायच्या, "नोडू, मग बोल." आधी बघ, मग तोंड उघड. मला ते कुठलं जमायला? नववीतली मी म्हणजे दोन वेण्या आणि मधे अखंड चालणारं तोंड.

त्या उन्हाळ्यात संस्थेच्या अध्यक्षांनी प्रयोगशाळेची कोठी करायचं ठरवलं. "एकदा प्रयोग बघा, मग करा," बाई म्हणाल्या. प्रयोगाचा मान माझा. सोलापूरचं ऊन, त्यात पाहुणे; मी मोठ्या शहाणपणाने खिडक्यांना ओली पोती लावून खोली गार करून ठेवली.

अध्यक्ष सुखावले. हायड्रिला ढिम्म. एखादा बुडबुडा यायचा, तोही उपकार केल्यासारखा. मी सोडा टाकला. आणखी टाकला. भज्यांचं पीठ कालवावं तशी टाकतच सुटले.

"काय ओ बाई, तुमचं झाड झोपलंय की!" अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी चंची माझ्या हातून काढून घेतली. "शिधा भरपूर दिलास. चूल पेटलीय का? नोडू."

मी गप्प बसून पाहिलं. खोलीत अंधार! धावत जाऊन पोतं ओढलं. उन्हाचा पट्टा पात्रावर पडला आणि थोड्या वेळात बुडबुड्यांची माळच सुटली. अध्यक्ष खुर्ची ओढून मोजायला बसले. चुकले, की पुन्हा पहिल्यापासून. खोली वाचली.

आता माढ्याचा पुतण्या म्हणतो, "काकू, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलाय म्हणत्यात. ऊस लई वाढंल की!" मी विचारते, "आणि पाणी रे? नोडू, मग बोल."

शेवटची भेटले तेव्हा बाईंची नजर गेली होती. मी बरणीतून हायड्रिला नेली, खिडकीत त्यांच्या हाताशी ठेवली.

"येतायत का गं?"

"येतायत, बाई."

"म्हणजे या खेपेला पोतं लावलं नाहीस."

हसून झाल्यावर म्हणाल्या, "मला दिसत नाही. तू नोडू, तूच बोल."

बाईंनी मला बोलायला सांगितलं ते पहिल्यांदाच. मी एकेक बुडबुडा सांगत बसले. ऊन उतरलं, बुडबुडे थांबले. मी मात्र थापा मारत मोजतच राहिले. हातावरचं ऊन गेल्याचं बाईंना कळलं असणारच. बोलल्या नाहीत.