मोबाईलने निवडलेलं पापलेट

मित्रहो, एआय फोटोवरून माशाचा ताजेपणा ओळखतं, ही बातमी सकाळी बायकोला वाचून दाखवली. दुपारी मेव्हणा जेवायला येणार होता. मागच्या खेपेस मी शिळी पापलेटं आणल्यामुळे घरात माझी पत शून्य आहे. म्हणून आज भाईंदरच्या बाजारात एका पापलेटाचा फोटोच काढून एआयला दाखवला.

मोबाईल म्हणाला, "डोळे चमकदार. मासा ताजा."

कोळीण मावशी खो खो हसल्या. "अरे दादा, आताच पानी मारलंय, मग चमकनारच! कालचं हाय ते. तुज्या मोबाईलला वास येतो का?" आणि त्यांनीच टोपलीतली ताजी पापलेटं काढून दिली.

घरी बायकोने मासे हुंगले. "वा! एआय कामाला आलं की!"

मी नुसती मान डोलावली. तिला खरं सांगू, की आधी मेव्हण्याला घरी जाऊ देऊ?