कड्या धुण्याचा क्रम

पाणी कमी वापरूनही एखादी वस्तू पूर्वीइतकीच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ धुता येते का, हा प्रश्न मी सोडवायला घेतला होता. प्रश्न मुळात माझा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता. श्रीरामपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी महिनाभर तिच्याकडे नगरला राहायला गेले. औद्योगिक वसाहतीत तिची एक छोटी शेड आहे. दारांच्या लोखंडी कड्यांवर तिथे निकेलचा मुलामा चढवतात. "आपल्या कड्या जिल्हाभर जातात, ताई," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "एक शिंगणापूर सोडून."

मुलाम्याचे द्रावण हिरवे आणि गरम असते. त्यातून कड्या बाहेर काढल्या की थोडे द्रावण त्यांना चिकटून येते. ते धुतले नाही तर वाळून डाग पडतात. म्हणून शेजारी पाण्याची एक टाकी होती आणि तिच्यावर दिवसभर मोकळा सोडलेला नळ. वाहते ते शुद्ध, या समजुतीवर सगळ्यांची इतकी श्रद्धा होती की मी एकदा नळ बारीक केला, तर दहा मिनिटांत कोणीतरी तो पुन्हा पूर्ण उघडला.

टाकीतून उतू जाणारे हिरवट पाणी गटारात सोडता येत नाही. ते मागच्या हौदात साठते आणि शनिवारी टँकर ते शुद्धीकरण केंद्रात नेतो. अडचण अशी, की हौद बुधवारी दुपारीच भरत असे. मग गुरुवारी आणि शुक्रवारी काम बंद. कड्या घेणाऱ्या व्यापाऱ्याने शेवटचा निरोप धाडला होता: येत्या शनिवारी पूर्ण माल तयार नसेल, तर तो दुसरी शेड पाहील. असा मोठा व्यापारी तिच्याकडे तो एकच होता.

"दुसरा हौद बांध," मी सुचवले.

"कुठे? तुझ्या डोक्यावर?"

शेडमध्ये खरोखरच जागा नव्हती. तेव्हा मी खडू मागवला आणि भिंतीवर मांडणी केली. एका धुण्यात कडीवरची घाण दहाव्या हिश्श्यावर येते असे धरू. मग दुसऱ्या धुण्यात ती शंभराव्या हिश्श्यावर येईल आणि तिसऱ्यात हजाराव्या. अर्थात एका मोठ्या टाकीऐवजी तीन लहान टाक्या ओळीने मांडल्या, तर नळ अगदी बारीक ठेवूनही भागेल. रविवारी टाक्या बसल्या. नळ पहिल्या टाकीजवळ होता, म्हणून पाणी पहिलीत सोडले. ते तिथून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत उतू जाई. कड्याही त्याच क्रमाने पुढे सरकत.

सोमवारी दुपारी वाळलेल्या कड्यांवर डाग होते. पूर्वी पडत त्यापेक्षा जास्तच.

मी भिंतीवरचे गणित पुन्हा तपासले. कामाला असलेल्या चार बायकांपैकी एक मावशी जामखेडकडच्या. पूर्वी दरसाल ऊसतोडीला जात, आता नगरलाच राहतात. त्या बराच वेळ पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"बाई, राग येनार नसंल तर बोलू?"

"बोला की."

"ह्ये उलटं हाय. घान कडी हितून आत येती आन् चांगलं पानीबी हितूनच. मंग शेवटाला ऱ्हायलं काय? सगळ्यांचं उष्टं."

"पण गणित बरोबर आहे," मी म्हणाले.

"आसंल. कडीला कुटं गणित येतंय?"

बहीण पाठ फिरवून हसत होती. मावशींनी तीन बोटे समोर धरली. "आमच्या गावाकडं प्यायच्या पान्याचा टँकर आला की तीन बादल्या मांडायच्या. कापड पयलीतून तिसरीत जातंय. पानी तिसरीतून दुसरीत, दुसरीतून पयलीत. पयलीचं झाडाला. कापड तिकडं, पानी हिकडं. चांगलं पानी शेवटाला लागतंय, बाई, सुरवातीला न्हाई."

भिंतीवरचे गणित प्रत्येक टाकीत ताजे पाणी धरून केलेले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. प्रत्यक्षात माझ्या रचनेत कडीची घाण पाण्यात मिसळून कडीच्याच सोबतीने शेवटच्या टाकीपर्यंत प्रवास करत होती. छत्तीस वर्षे मुलांना 'गृहीत काय धरले ते आधी लिहा' असे बजावलेली मी! मावशींना मी तसे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आदी नळी आना."

लांब नळी आणून पाणी तिसऱ्या टाकीत सोडले आणि टाक्यांची उंची बदलली. आता ते उलटे, पहिलीकडे येऊ लागले. मंगळवारी कड्या निष्कलंक निघाल्या.

आणखी एक लाभ मी आधी कल्पिलाच नव्हता. पहिल्या टाकीतले पाणी आता चांगलेच हिरवे होई. गरम द्रावणातले पाणी रोज वाफ होऊन उडते. त्याची भर आम्ही याच हिरव्या पाण्याने घालू लागलो.

"म्हणजे इतके दिवस विकत आणलेलं निकेल मी टँकरवाल्याच्या ओटीत घालत होते?" बहिणीने विचारले.

"नारळासकट," मावशी म्हणाल्या.

यात एक सावधगिरी हवी: परत येणाऱ्या पाण्याबरोबर मळही येतो, त्यामुळे द्रावण वरचेवर गाळावे लागते. ते काम वाढले, हे लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारी दुपारी हौद अर्धासुद्धा भरला नव्हता. गुरुवारी आणि शुक्रवारी शेड चालू राहिली. शनिवारी सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो पूर्ण माल घेऊन गेला आणि पुढच्या खेपेचा आकडा सांगूनच गेला. टँकरवाला मात्र हौदात डोकावून खट्टू झाला. "ताई, एवढंच? धंदा बसला काय?"

"बसला होता," बहीण म्हणाली, "आता उठला."

वाचकांनी यावर केवळ मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नये. दोन सारख्या बाटल्यांत चमचाभर शाई घालून ती ओतून टाका. एक बाटली पेलाभर पाण्याने एकदाच खळखळून धुवा. दुसरीसाठी तेवढ्याच पाण्याचे तीन भाग करा, प्रत्येक भाग घालून बाटली हलवा आणि पाणी ओतून टाका. मग दोन्ही स्वच्छ पाण्याने भरून मागे पांढरा कागद धरा, म्हणजे कोणत्या बाटलीत शाई जास्त उरली ते दिसेल. कृपया हे स्वतः करून पाहा.