वाटाघाटींच्या बाई

जगातला कुठलाही तंटा दोन माणसं समोरासमोर बसली की मिटतो, यावर आमच्या विभागप्रमुख बाईंइतका विश्वास अख्ख्या वसईत दुसऱ्या कुणाचा नसेल. आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा आमचा पदवीचा वर्ग. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, भाषा, सगळं एकाच ताटात. मीही तिथेच शिकवते; वेळापत्रक लावायचं काम माझं, मोडायचं बाईंचं. नद्यांच्या पाणीवाटपाचा विषय रंगला की त्या अर्थशास्त्राचा तास खुशाल गिळत. बोळिंजच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून दोघे भांडले, तेव्हा त्यांना बाईंनी घरी बोलावलं आणि चर्चेला टेबल गोलच हवं म्हणून शेजारणीचं मागून आणलं. भांडण मिटलं नाहीच. शेजारीण मात्र अजून टेबल मागते आहे.

वाटाघाटींची प्रात्यक्षिक परीक्षा त्या मासळी बाजारात घेत. परीक्षक पाचूबंदरची कोळीण मेरीमावशी. मुलांनी पापलेटाचा भाव करायचा आणि गुण मावशीने द्यायचे. "ह्यो नापास!" ती ओरडे. "आधीच हसला. गरज दाखवली मेल्यानं!" दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर असे.

मग मावशीचा मुलगा अडकला. गुजरातकडच्या बोटीवर खलाशी होता. बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि सगळे शेजारच्या देशाच्या तुरुंगात. त्यानंतरच्या परीक्षेला मावशीने टोपली उघडलीच नाही. वर्गासमोर म्हणाली, "बाय, तू देशादेशांचं शिकवतंस ना? मग माझ्या पोराला आन."

बाईंनी त्या दिवशी मुलांना घरी पाठवलं. परीक्षा बंद झाली. बाईंनी अर्ज केले, दिल्लीला खेटे घातले. प्रत्येक वेळी एकच उत्तर: प्रकरण विचाराधीन आहे. समोर बसायला माणूसच मिळेना.

तरी दर आठवड्याला त्या मावशीला खबर द्यायला जातात. गेल्या खेपेला मी सोबत होते.

"मावशी, याही वेळी काही नाही," बाई म्हणाल्या. "उगाच येऊन तुमचा जीव टांगणीला लावते मी. आता नाही येत."

मावशी कोलंबी सोलतच राहिली. "येत रा, बाय. घरात आता त्याचं नाव कोनी घेत नाय. मी रडेन म्हनून."

बाई तिच्या शेजारी ओल्या ओट्यावर टेकल्या. मग विचारलं, "जेवायला काय आवडतं हो त्याला?"

मावशी हसली. "मासली सोडून काय पन," म्हणाली, आणि ओल्या हातानेच डोळे पुसले.