बाकी एक

मुलीच्या वहीत बाईंनी लाल शाईनं फुली मारली होती. गणित साधं होतं. सतरा मासे दोन भावांत समान वाटले, तर प्रत्येकाला किती मिळतील आणि बाकी किती उरेल? भागाकार बरोबर होता, आठ-आठ. बाकीच्या जागी मात्र पोरीनं लिहिलं होतं, ‘कालवण’.

“कालवण काय कालवण?” मी खेकसलो.

“तुमीच सांगितलं हुतं,” ती फणकारली.

मीच सांगितलं होतं, हे खरं. माझे वडील आणि चुलते धरणात एकाच जाळ्यानं मासे धरायचे. चुली दोन, अंगण एक. अंगणात दोन वाटे मांडले की आम्हा पोरांपैकी एकाला पाठमोरं उभं करून विचारायचे, “ह्यो कुणाचा?” पोरगं नाव घेईल त्याचा तो वाटा. उरलेला मासा आईच्या कालवणात जायचा आणि दोन्ही घरं आमच्या ओट्यावर जेवायला बसायची. एका माशात एवढ्या माणसांना काय येणार? नुसता रस्सा. वाटे समसमान पडले, तर वडील दोन्हींतून एकेक मासा काढून घ्यायचे. “कायतरी ऱ्हाऊ दे,” म्हणायचे. मला तेव्हा तो निव्वळ येडेपणा वाटायचा.

पुढे थोरला भाऊ आणि मी जमीन वाटून घेतली. विहीर तेवढी दोघांत ठेवा, असं मोजणीवाला म्हणाला. आम्ही एकदमच म्हणालो, “नगं, मागनं भानगड नगं.” विहीर माझ्याकडे आली, तिच्या बदल्यात थोडी जास्त जमीन त्याला गेली. हिशोब चोख झाला.

भावानं त्याचा वाटा विकला, महाळुंग्यात फ्लॅट घेतला. आमचं भांडण नाही की अबोला नाही. भांडण असतं, तर मिटवायला तरी कुणी मध्ये पडलं असतं. त्याला इथं यायला काही कारणच उरलं नाही. मला त्याची फार आठवण येते, पण फोनवर तसं सांगायला जीभ रेटत नाही.

पोरीनं ‘कालवण’ खोडून ‘एक’ लिहिलं आणि पुढचं गणित घेतलं. अठरा मासे, दोन भाऊ.

“पप्पा, ह्यात कायच उरत न्हाई. दोगांतनं एकेक काढू का?”

मी ते गणित पुन्हा एकदा वाचलं.

“नको,” मी म्हणालो. “शून्य लिही. बाई बरोबर देतील.”