जुळ्या ताऱ्यांत जड कोण?

धुळ्याच्या प्रमिलाबाईंनी निवृत्तीनंतर तीर्थयात्रा केली नाही, दुर्बीण घेतली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई; नुसतं आकाश बघून गप्प बसणार थोडीच! भुजंगधारी तारकासमूहातला एक जुळा तारा धरला. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एका फेरीत माणसाचा जन्म सरतो. म्हणून जुन्या निरीक्षकांची मापं घ्यायची, त्यांत गच्चीवरून घेतलेली आपली घालायची आणि कक्षा काढायची. फेरीचा काळ, कक्षेचा आकार आणि ताऱ्यांचं आपल्यापासूनचं अंतर कळलं की दोघांचं मिळून वजन निघतं. बाईंचं निघालं. सूर्याच्या दीडपटीहून जरा जास्त.

इथवर ठीक. पुढे हौस नडली. या सगळ्याचा एक मोठा तक्ता केला; त्यातल्या चित्रात त्यांनी तेजस्वी तारा मधोमध ठोकला, मंद त्याच्याभोवती फिरवला आणि खाली लिहून टाकलं: तेजस्वी जागचा हलत नाही, म्हणजे जवळजवळ सगळं वजन त्याचंच. हा तक्ता बाईंच्या नावानं जळगावच्या प्रदर्शनात लागायचा होता. तो न्यायला त्यांची जुनी विद्यार्थिनी भाविका आली, ती नेमकी श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सकाळी.

दारात फुगड्या रंगल्या होत्या. प्रमिलाबाईंनी नणंदेचे, आक्काबाईंचे हात धरले. आक्काबाई अंगानं भरभक्कम. चार गिरक्यांत दोघी धापा टाकायला लागल्या.

"आक्का, केवढ्या गरगर फिरता हो!"

"मी ते जागावरच शे. बठ्ठं फिरनं तुनंच!" आक्काबाईंनी अहिराणीत सगळं फिरणं भावजयीच्या माथी मारलं.

"काहीतरीच! जागेवर मी होते."

पायरीवर बसलेली भाविका हसली. "बाई, दोघीही फिरत होतात. मी मागच्या विजेच्या खांबाच्या अंदाजानं बघत होते ना. तुमचा वळसा मोठा, आक्कांचा लहान."

प्रमिलाबाई थबकल्या. आपण काय केलं होतं? कायम तेजस्वी ताऱ्यापासूनच मंद तारा मोजला. मग तेजस्वी हललेला दिसणार कुठून? ज्याचा वळसा लहान तो जड; पण वळसे कळून वजनाची वाटणी करायची तर दोघांनाही मागच्या एखाद्या दूरच्या ताऱ्यापासून मोजायला हवं होतं.

"भाविका, तक्त्यातली शेवटची ओळ खोड."

"अहो बाई, लोक तेवढीच वाचतात! नुसती बेरीज कोण बघतं?"

"नाही बघितली तर राहिलं. मला ठाऊक नाही ते माझ्या नावाखाली नको."

"खाडाखोड केलेला तक्ता लावायचा? शोभतं का?"

"तुला लाज वाटत असेल तर मीच घेऊन जाते."

बाईंनी भाविकाच्या पिशवीतलं पेन हिसकावलं, तक्ता पायरीवर पसरला, ओळीवर जाड रेघ मारली आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: वाटणी अजून माहीत नाही, मापं चालू आहेत.