डबीवाले चाचा

डबीवाले चाचा कॉम्प्युटरला थोबाडीत मारायचे. स्क्रीन अडकली की आधी सणसणीत शिवी, मग चपराक, आणि मग वायरी तपासायच्या. महाळुंग्याच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या कारखान्यात, प्रत्येक मशीनपाशी स्क्रीनखाली पुस्तकाएवढी काळी डबी होती. त्या डब्या चाचा सांभाळायचे.

नवा माणूस आला की डबी वाजवून सांगायचे, "याच्या पोटात काय नाय, भावा. सगळं वरच्या खोलीत, सर्व्हरवर. इथं नुसतं दिसतं." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

माझ्या प्रेसचा सेन्सर बिघडला होता. हात आत असला तर मशीन थांबवायचं त्याचं काम. तीन दिवस मी डबीवर तक्रार टाइप केली. चौथ्या दिवशी प्रेस खाली आली आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याबरोबर गेली. आम्हाला कामावर ठेवणारा ठेकेदार दवाखान्यात माझ्या खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "सेन्सर यानेच बंद केला. तक्रार कसली आलीय?" नीच माणूस.

बँडेज बांधून मी चाचांकडे तक्रारीचा कागद मागायला गेलो, तर जेवणाच्या सुट्टीत ठेकेदाराची दोन माणसं गज घेऊन आली. माझ्या प्रेसवरच्या डबीचा त्यांनी चुरा केला. झालं, निघालेच होते. पण समजावून सांगितल्याशिवाय चाचांना राहवतंय थोडंच. हसून म्हणाले, "अरे खुळ्यांनो, याच्या पोटात काय नाय. सगळं वरच्या खोलीत."

मी कपाळाला हात लावला. ते दोघे परत फिरले आणि त्या खोलीची किल्ली मागू लागले. चाचांनी ती भंगाराच्या पिंपात, धारदार पत्र्यांत फेकली. मग गज त्यांच्या उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डाव्या हाताने पत्र्याचा तुकडा उचलून मी एकाच्या तोंडावर हाणला. गाल फाटला त्याचा. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. शिफ्टची माणसं धावून आली तसे दोघे पळाले.

हात चिरून घेत सगळ्यांनी किल्ली शोधली. दवाखान्यात जायच्या आधी चाचा वर चढले आणि डाव्या हाताने कागद काढला. तिन्ही तक्रारी, तारखेसकट. "घे. आता कोण तुला खोटं म्हणतो बघू." त्या कागदावर ठेकेदार आत गेला.

चाचांचा उजवा हात नंतर कधी वर गेला नाही. डब्यांना डाव्याने मारायचे, नेम चुकायचा. मी चिडवलं की म्हणायचे, "तू मार की मग. तुझी तीन बोटं तर शाबूत आहेत."

गेल्या वर्षी ते गेले. देहूरोडच्या कब्रस्तानात सगळे तीन-तीन मुठी माती देत होते. मी उजवी मूठ भरली, ती कबरीपर्यंत न्यायच्या आत गळून गेली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. मागचे लोक थांबून होते, कुणी घाई केली नाही. मग मी डाव्या हाताने माती दिली.